मागल्या बाकाची बखर

गेल्या वैशाखात आमच्या घरी नवी मोटार घेण्याचे घाटू लागले आणि शाळेत इतिहास शिकविण्यात उभी हयात घालविलेल्या माझ्यासारख्या माणसाच्या हाती शिंप्याची टेप आली. चिरंजीवांनी चारपाच दुकाने हेरून ठेवली होती. ‘दुकान’ म्हणताच नातू हसला. त्याला म्हणे ‘शोरूम’ म्हणायचे असते. असो. आम्ही घरात सहा माणसे : मुलगा, सून, दोन नातवंडे, माझी थोरली बहीण आक्का आणि मी. सहा माणसे म्हणजे सात जणांची गाडी, हे गणित पाचवीतल्या नातवालाही सुटले होते. विक्रेत्या तरुणाने मोठ्या अदबीने एका धिप्पाड, तीन ओळींच्या गाडीचे दार उघडले. आम्ही बाहेरूनच तिचा डौल न्याहाळीत होतो, तोच चौऱ्याहत्तर वर्षांची, दोन्ही गुडघ्यांनी बेजार झालेली आक्का कमरेत वाकून अगदी शेवटच्या ओळीकडे सरकू लागली.

“अगं, तू कुठे निघालीस?” मी विचारले.

“मी बसते मागे. मला चालतं.”

हे ‘मला चालतं’ मी गेली साठ-पासष्ट वर्षे ऐकत आलो आहे. त्यात तक्रार नसते, त्यागाचा आवही नसतो. पाण्याने उताराकडे वळावे तशी आक्का मागल्या बाकाकडे वळते. त्या दिवशी मात्र ती आत गेली ती बाहेर येईना. मधली सीट पुढे दुमडून जी चिंचोळी वाट होते, तीत तिचा उजवा गुडघा अडकला. मुलाने हात दिला, सुनेने पाय उचलून घेतला, तेव्हा कुठे आक्का जमिनीवर आली. विक्रेता बिचारा ओशाळला. त्यात त्याचा दोष नव्हता. ज्या बाकाने आक्काला अडकवून ठेवले, त्याचा इतिहास त्या तरुणाच्या जन्माआधीपासून सुरू होतो. मोटारींचा इतिहास लिहिणारे बहुधा पुढून, म्हणजे इंजिनापासून आरंभ करतात. आज आपण तो मागून वाचू या. कारण गाडी किती मोठी आहे हे बाहेरून दिसते, पण ती किती मोठ्या मनाची आहे हे शेवटच्या बाकावर बसल्यावाचून कळत नाही.

वाहनात जागा कोणाला आणि कशी, हा प्रश्न मोटारीपेक्षा पुष्कळ जुना आहे. पालखीत एकच माणूस बसे आणि तो आपले पाय लांबवू शके. उचलणाऱ्यांच्या खांद्यांचा विचार करण्याचे त्याला कारण नसे. मेण्यात पडदा आला, हवा गेली. खेडोपाडी सुखवस्तू घरांतून दमणी असे. तीत गादी अंथरून मांडी घालून बसायचे आणि बैलांच्या चालीवर डुलत जायचे. मांडी घालून बसणाऱ्याला गुडघ्यापुढची जागा लागत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे ती उपयोगी पडणार आहे. मग टांगा आला. टांग्यात दोन बैठकी पाठीला पाठ लावून असत. पुढचा उतारू घोड्याच्या कानांमधून रस्ता पाही, आणि मागचा उतारू मागे पडत जाणारा गाव पाही. पुढे कोण आणि मागे कोण हे कोणी सांगावे लागत नसे.

आता ज्यांना एसयूव्ही म्हणतात त्या थोराड मोटारींकडे वळू. या कुळाच्या मूळ पुरुषांपैकी सर्वांत नामांकित म्हणजे जीप. आणि तो मुळात मुळीच थोराड नव्हता. १९४० च्या जुलै महिन्यात अमेरिकन सैन्याने एका हलक्या, चारही चाकांना ओढ असलेल्या गाडीसाठी १३५ कारखान्यांकडे मागणी पाठविली आणि नमुना गाडी सादर करण्यास अवघे ४९ दिवस दिले. ती मुदत बँटम नावाच्या लहानशा कंपनीने पाळली. पुढे विलीज आणि फोर्ड यांनी ती गाडी लाखांनी घडविली. विलीज जीपची लांबी सुमारे ११ फूट, रुंदी ६२ इंच, आणि पुढच्या व मागच्या चाकांच्या आसांमधले अंतर, ज्याला व्हीलबेस म्हणतात, ते ८० इंच. आजच्या आपल्या रस्त्यांवरच्या लहानात लहान एसयूव्हीपेक्षाही ती आखूड होती. चालविणाऱ्याच्या बैठकीखाली पेट्रोलची टाकी. दारे नाहीत. मागे दोन चाकांच्या फुगवट्यांच्या मध्ये एक अरुंद बाकडे, त्यावर दोन शिपाई दाटीवाटीने बसावेत. सैन्याला आरामाचे कारण नव्हते. चटकन चढता यावे आणि त्याहून चटकन उडी मारून उतरता यावे, एवढीच त्या बैठकीकडून अपेक्षा होती. शिपाई विशीतला आणि त्याचे गुडघे शाबूत, हे गृहीतच धरलेले होते.

युद्ध संपले आणि हे शिपाईगडी संसारात शिरले. १९४५ साली महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम महंमद यांनी ‘महिंद्र अँड महंमद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. त्याच सुमारास मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी होऊ लागली. सैन्याने मोडीत काढलेल्या जीपही बाजारात आल्याच होत्या. अशाच हातोहात फिरलेल्या गाड्यांपैकी एक सोलापूरच्या आमच्या कंत्राटदार मामांकडे आली. मामांनी तिचा मागला भाग ओळखीच्या सुताराकडून वाढवून घेतला आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन लाकडी बाक ठोकविले. त्यांवर काथ्याची गादी, गादीवर रेक्झिन. सोलापूरहून तुळजापूर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. कुलदेवतेला जायचे म्हणजे पुढे मामा आणि वडील, मधोमध आजोबा. आणि मागे आम्ही आठ जण, पायांत नैवेद्याची टोपली आणि पाण्याची कळशी. आक्का नेहमी अगदी कडेला, फळीच्या दाराशी. आडव्या बाकावर बसणाऱ्याला रस्ता दिसत नाही. समोरच्याचे गुडघे दिसतात आणि मान वळविली तर मागे पळत जाणारी धूळ दिसते. गाडी थांबली की सारे पुढच्या दिशेने एकमेकांवर कलंडत, आणि निघाली की सगळा भार आक्कावर येई. तिचे ‘मला चालतं’ पहिल्यांदा मी तिथे ऐकले.

अशा आडव्या बाकांची कल्पना आमच्या मामांची किंवा सोलापूरच्या सुताराची नव्हे. ज्यांना अधिक माणसे कोंबायची होती, त्या सर्वांना ती सुचली. अमेरिकेत १९३५ साली शेव्हरोलेने सबर्बन नावाची आठ माणसांची पत्र्याची गाडी काढली होती, पण तिला बाजूची दारे दोनच. मागच्यांनी पुढच्यांच्या सीटा ओलांडून आत जायचे. इंग्लंडात १९४८ साली लँडरोव्हर निघाली. तिचा व्हीलबेसही जीपइतकाच, ८० इंच. पुढे ती लांब होत गेली आणि साठीच्या दशकात तिचा एक बारा जणांचा अवतार निघाला. लांबी तीच ठेवून बारा माणसे कशी बसविली? पुढे तीन, मध्ये तीन, आणि मागे समोरासमोर दोन बाकांवर सहा. एवढी दाटी करण्याचे कारण मोठे मौजेचे आहे. बारा जणांची गाडी कायद्याने ‘बस’ ठरे आणि बसला खरेदीकर नसे! म्हणजे दहा जणांची गाडी महाग आणि तीच गाडी बारा जणांची केली की स्वस्त. ते बाराजण आत कसे बसतात हे पाहायला करखात्याचा माणूस थोडाच येणार होता? शेवटचा बाक कसा असावा हे बसणारा ठरवीत नाही. कधी सेनापती ठरवितो, तर कधी कर घेणारा. या बखरीतला हा पहिला धडा.

आपल्याकडे हा धडा थोड्या निराळ्या रीतीने गिरविला गेला. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, हिने पुण्याच्या कारखान्यातून तीन वर्षांच्या अंतराने दोन गाड्या काढल्या. त्या शेजारी शेजारी उभ्या करून पाहाव्यात. १९९१ सालची सिएरा ही हौशी माणसाची गाडी. बाजूला दोनच दारे, आणि मागे छतापर्यंत वळलेल्या मोठमोठ्या काचा. बाहेरून पाहणाऱ्याला वाटे, मागे बसणाऱ्याची काय चैन आहे! पण त्या काचा उघडत नसत, आणि मागे जाण्यासाठी पुढची सीट दुमडून आत शिरावे लागे. उजेड भरपूर, वाट अरुंद. १९९४ सालची सुमो अगदी उलट. टेल्कोची उभारणी करणारे सुमंत मुळगावकर यांच्या नावातील आद्याक्षरे घेऊन तिचे बारसे झाले. ती पेटीसारखी चौकोनी. छत उंच, बाजू सरळ, दारे चार आणि मागे पाचवे. पुढे तीन, मध्ये तीन, मागे समोरासमोर चार, अशी दहा माणसे तीत बसत. चौकोनी पेटी दिसायला ओबडधोबड असेल. पण डोके आणि खांदे यांना जागा हवी असेल तर पेटीसारखा आकार नाही. धान्य साठविणाऱ्या कोणाही गृहिणीला हे ठाऊक असते की गोल डब्यांपेक्षा चौकोनी डबे फडताळात अधिक मावतात.

सुमोला, बजाज टेम्पोच्या ट्रॅक्सला आणि महिंद्रच्या लांब जीपांना महाराष्ट्राने खेड्यात नेले. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे ‘वडाप’, मराठवाड्या-विदर्भात ‘काळी-पिवळी’. कागदावर दहा माणसे, प्रत्यक्षात मोजणाऱ्याचे बोट थकावे इतकी. बाजाराला निघालेल्या बाया, शाळेची मुले, बाळंतपणाला निघालेली लेक, कोंबड्यांची दुरडी. सारे त्या आडव्या बाकांवर. जिथे एस.टी. दिवसातून दोनदा येई तिथे या गाड्यांनी माणसांची सोय केली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण सोय निराळी आणि सुख निराळे. आडव्या बाकावरची बैठक फार तर अर्ध्या तासाची. शरीर गाडीच्या दिशेला आडवे असल्याने प्रत्येक ब्रेकला कंबर पिळवटते. पट्ट्याचेही तसेच. १९५९ साली व्होल्वो कंपनीतील नील्स बोलीन यांनी खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा पट्टा काढला, पण तो समोर तोंड करून बसणाऱ्यासाठी. आपल्या मोटार वाहन नियमांतही पट्ट्याची सक्ती आहे ती पुढच्या बैठकीवरील माणसांना आणि मागे ‘समोर तोंड करून’ बसणाऱ्यांना. आडवा बसलेला त्या वाक्यातून निसटून गेला.

इथवर वाचून वाचक म्हणेल, गाडी मोठी घ्यावी म्हणजे प्रश्न मिटला. मलाही तसेच वाटे. टेप हाती घेऊन निघालो तोच मुळी लांबीरुंदी मोजण्यासाठी. पण मोटारीची लांबी म्हणजे माणसांची लांबी नव्हे. वाड्याचे क्षेत्रफळ सांगताना अंगण, पडवी, गोठा सारे धरतात. निजायच्या खोल्या किती हे निराळे विचारावे लागते. मोटारीत गोठ्याची जागा इंजिनाची. जीप, सुमो, बोलेरो या गाड्यांत इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसविलेले असते. त्याच्या मागे गिअरची पेटी, तिथून मागच्या चाकांपर्यंत फिरता दांडा, आणि हे सारे एका शिडीसारख्या लोखंडी सांगाड्यावर. सांगाड्याच्या वर फळी, फळीवर माणसे. १९५९ साली इंग्लंडात अलेक इसिगोनिस यांनी मिनी नावाची चिमुकली गाडी काढली. तिचे इंजिन त्यांनी आडवे केले, गिअरची पेटी त्याच्या खाली घातली आणि ओढ पुढच्या चाकांना दिली. अवघ्या दहा फुटांच्या त्या गाडीत तळाचा शेकडा ८० भाग माणसे आणि सामान यांच्या वाट्याला आला. मिनी काही एसयूव्ही नव्हती. पण आज आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक मध्यम आणि लहान एसयूव्ही इंजिन आडवे ठेवतात आणि सांगाड्याऐवजी एकसंध कवचासारखी बांधणी करतात.

याचे एक सुबोध उदाहरण देतो. अलीकडची बोलेरो आणि टाटांची २०१७ सालची नेक्सॉन या दोघींची लांबी जवळजवळ सारखीच, चार मीटरला जरा कमी. बोलेरोचा व्हीलबेस २६८० मिलिमीटर, नेक्सॉनचा २४९८. म्हणजे बोलेरो १८ सेंटिमीटरांनी वरचढ. आकड्यांवर विसंबणारा म्हणेल, बोलेरोतच पाय अधिक लांबविता येतील. पण त्या १८ सेंटिमीटरांवर उभ्या इंजिनाचा आणि गिअरच्या पेटीचा हक्क आधी लागतो, आणि सांगाड्यामुळे पायाखालची फळी उंच होते ती वेगळीच. बोलेरो ज्या कामासाठी, ओझ्यासाठी आणि खडबडीत वाटांसाठी, घडली आहे तिथे तो सांगाडा तिचे बळ आहे. पण बळासाठी मोजलेली किंमत आतल्या माणसांच्या पायांतून वसूल होते.

आणि हा ‘चार मीटरला जरा कमी’चा काय प्रकार? इथे करखाते पुन्हा अवतरते. २००६ सालच्या अर्थसंकल्पात लहान मोटारींवरील अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आला. लहान कोणती? जिची लांबी ४००० मिलिमीटरांहून अधिक नाही आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १२०० व डिझेलचे असल्यास १५०० घन सेंटिमीटरांहून मोठे नाही ती. पुढे वस्तू व सेवा कर आला तरी ही रेघ राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून रेघेच्या अलीकडे १८ टक्के आणि पलीकडे ४० टक्के, असा भेद आहे. इंग्लंडात करापायी माणसे वाढविली, आपल्याकडे करापायी गाडी कापली. २००९ साली महिंद्रने झायलो काढली, लांबी ४५२० मिलिमीटर. २०१२ साली तिलाच कापून क्वांटो केली, लांबी ३९८५. दोघींचा व्हीलबेस तोच, २७६० मिलिमीटर. म्हणजे अर्ध्या मीटरहून अधिक जी कात्री चालली ती मुख्यतः मागच्या चाकांच्या पलीकडे. पुढे बसणाऱ्याला काही कळलेही नसेल. मागच्या ओळीच्या जागी मात्र दोन आडव्या, दुमडत्या बैठकी उरल्या. कुऱ्हाड पडते ती नेहमी शेंड्यावर. या बखरीतला हा दुसरा धडा.

बरे, करापलीकडच्या मोठ्या गाड्या तरी? टाटांची २०१९ सालची हॅरियर पाच जणांची, आणि तिचीच थोरली बहीण, २०२१ सालची नवी सफारी, सहा-सात जणांची. हॅरियरची लांबी ४५९८ मिलिमीटर, सफारीची ४६६१. दोघींचा व्हीलबेस एकच, २७४१. वजाबाकी केली तर लांबीतला फरक ६३ मिलिमीटर, म्हणजे अडीच इंच. अडीच इंचांत माणसांची एक ओळ? जादू नव्हे, छत मागे थोडे उंच केले, आणि जिथे सामान ठेवायचे तिथे माणसे बसविली. हे कारागिरीचे काम आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. फक्त खरेदी करणाऱ्याने एवढे समजून असावे की त्या ओळीत माणसे बसली म्हणजे ट्रंकांना जागा दुसरीकडे पाहावी लागते. रुंदीचेही असेच. हॅरियर १८९४ मिलिमीटर रुंद, पहिली नेक्सॉन १८११. आठ सेंटिमीटरांचा फरक ऐकायला भारी. पण मागे तीन माणसे बसली तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन सेंटिमीटरांहूनही कमी, तेही दाराच्या जाडीने काही गिळले नाही तर!

आता खुद्द बैठकीकडे येऊ. खुर्चीची उंची साधारण सोळा ते अठरा इंच असते. तीवर बसले की मांड्या आडव्या राहतात आणि भार मांड्यांवर पसरतो. तीच बैठक नऊ-दहा इंचांवर आणा; गुडघे छातीकडे येतात, मांड्या गादीपासून सुटतात आणि सारा भार ढुंगणाच्या दोन हाडांवर पडतो. तिसऱ्या ओळीत नेमके हेच होते. खाली मागच्या चाकांचा आस, त्यामुळे फळी वर. वर छत, त्यामुळे डोके खाली. मग उरली ती गादी, तीच दबते. पाटावर जेवलेल्या आमच्या पिढीला उकिडवे किंवा खाली बसण्याचे भय नव्हते. पण पाटावर मांडी घालता येते, तिसऱ्या ओळीत ती घालता येत नाही. दमणीचे सुख आणि खुर्चीचे सुख, दोन्ही तिथे अंतरतात. स्वीडनचे शल्यवैद्य आल्फ नाचेमसन यांनी साठीच्या दशकात मणक्याच्या चकतीत सुई घालून तिच्यावरचा दाब मोजला होता. टेका न घेता बसलेल्या माणसाच्या चकतीवर उभ्या माणसापेक्षा अधिक दाब पडतो, आणि पाठ मागे रेलली, कमरेला आधार मिळाला की तो उतरतो, असे त्यांना आढळले. म्हणून गादी किती मऊ यापेक्षा पाठ किती रेलते, कंबर कुठे टेकते आणि मांडीखाली गादी कुठवर येते, हे पाहणे शहाणपणाचे. दुकानात पाच मिनिटे मऊ वाटणारी गादी शंभर किलोमीटरांनंतर दगड होते.

छापील माहितीपत्रकांत पायांच्या जागेचे आकडे असतात, ते कसे काढतात तेही सांगितले पाहिजे. साठीच्या दशकात अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने एक सांध्यांचा पुतळा प्रमाण ठरविला. त्याला सीटवर बसवून त्याच्या खुब्याचा बिंदू धरतात आणि तिथून मापे घेतात. पुतळा मोठा उपयोगी. त्याच्यामुळेच जगभरच्या गाड्यांची मापे एका भाषेत बोलू लागली. पण त्याचा बांधा प्रौढ अमेरिकन पुरुषाचा. तो नऊवारी नेसत नाही, त्याच्या गुडघ्यांची झीज झालेली नाही, आणि मुख्य म्हणजे तो आपल्या पायांनी आत चढत नाही, की आपल्या पायांनी उतरत नाही. त्याला उचलून बसवितात. चढण्याउतरण्याचे दुःख त्याला ठाऊक नाही. आणि ‘मला चालतं’ असे खोटेही तो बोलत नाही.

तेव्हा मी टेप खिशात ठेवली आणि आमच्या घरापुरती एक रीत ठरविली. घरातल्या सर्वांत उंच माणसाने, म्हणजे मुलाने, पुढची सीट आपल्या सोयीने सरकवायची. मग आक्काने त्याच्या मागे बसायचे. बसताना आधी ढुंगण टेकता येते की आधी पाय आत घालावा लागतो ते पाहायचे. ढुंगण आधी टेकले आणि पाय मागून आत घेता आले तर ती उंची तिला मानवली. मग दहा मिनिटे गप्पा मारीत तिथेच बसायचे. लहान एसयूव्हीत ती सहज चढली, पण मुलाच्या सीटला तिचे गुडघे लागले. मोठ्या सात जणांच्या गाडीत मधल्या ओळीत तिला ऐसपैस वाटले, पण पायरी उंच, दर वेळी हात द्यावा लागे. मधल्या मापाची, पाच जणांची एक होती. दोन्ही गोष्टी तिला जमल्या.

“पण बाबा, ती पाच जणांची,” सून म्हणाली. “आणि आपण सहा.”

तिचे म्हणणे खरे होते. सात जणांची घेऊन नातवंडांना मागे बसविले असते तर काय बिघडले असते? मुलांचे गुडघे लहान, हाडे लवचीक. अनेक घरांना तीच सोय योग्य. पण मी माझ्या घराचा इतिहास जाणतो. बाक असला की त्यावर कोणीतरी बसतेच, आणि आमच्या घरात ते कोणी बसायचे हे सोलापूरच्या त्या सुताराच्या दिवसांपासून ठरून गेले आहे. प्रवासाच्या दुसऱ्याच थांब्यावर नातीला झोप येणार, आणि आक्का तिला मधली जागा देऊन मागे सरकणार. पाच जणांची गाडी ठरली.

नवरात्राच्या आधी गाडी घेऊन तुळजापूरला जायचे ठरले. पहाटे गाडी दारात उभी राहिली. आक्का हातात नैवेद्याचा डबा घेऊन आली आणि सवयीने थेट मागच्या बाजूला गेली.

“आत्या, तिकडे कुठे? मागे बाकच नाही,” मुलगा म्हणाला.

आक्का क्षणभर डिकीच्या दाराकडे पाहत उभी राहिली. मग त्याने पुढचे दार उघडले.

सहावा मी. माझे एस.टी.चे तिकीट मी आदल्या दिवशीच काढून ठेवले होते; ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्ध्या दरात. खिडकीची जागा मिळाली. सोलापूरला गाडी बदलून तुळजापूरला पोहोचलो तेव्हा मंडळी दर्शन उरकून महाद्वाराशी माझी वाट पाहत बसली होती. पायऱ्यांनी आक्काचे गुडघे दुखत होते, ते काही मोटारीने बरे होणार नव्हते. मी शेजारी टेकलो.

“कसा झाला प्रवास?” मी विचारले.

“बरा झाला,” ती म्हणाली. मग थोडा वेळ थांबून, सोलापूरच्या बाजूला हात करून म्हणाली, “अरे, या रस्त्यानं मी लहानपणापासून येते आहे. पण समोरून देवीचा डोंगर येताना आज पाहिला.”